माझा अनुभव: दोन संगणक, मधे एकच केबल

जुन्या डेस्कटॉपवरचे ४०० जीबी फोटो आणि व्हिडिओ नव्या लॅपटॉपवर न्यायचे होते. घरच्या वायफायवर ते फार रेंगाळलं असतं, म्हणून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोन्ही यंत्रं थेट लॅन केबलने जोडली. जोडणी अडली की बहुतेक जण आधी शेअरिंगच्या सेटिंग्जमध्ये शिरतात. मी खालून वर जातो: तार, मग आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता), मग फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा विंडोजचा पहारेकरी), शेअरिंग शेवटी.

दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असले तर साधी सरळ केबल चालते. क्रॉसओव्हरचा, म्हणजे दोन टोकांना तारांचा क्रम वेगळा असलेल्या केबलचा, प्रश्न दोन्ही कार्डं जुनी, १०० एमबीपीएसची असली तरच येतो. पोर्टचा दिवा लागला, पण इथरनेट स्टेटसमध्ये वेग १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसत होता. हा फरक सोडून देण्यासारखा नाही. गिगाबिटला सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे ४०० जीबीला तासभर. १०० एमबीपीएसवर त्यालाच दहा तास. केबलमधल्या आठ तारांपैकी १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे बिघाड बहुधा ४, ५, ७ किंवा ८ मध्ये असणार, असा अंदाज केला. एका टोकाचा कनेक्टर कापून नवा क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वेग लगेच १ जीबीपीएस झाला.

इथे एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. दोन्ही टोकांना रंग सारखे लावले की झालं, असं नाही. ३ आणि ६ वर एकाच पिळाची जोडी, म्हणजे केबलमध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, यायला हवी. ती फुटली तरी साध्या टेस्टरचे आठही दिवे छान लागतात, कारण तो फक्त तार अखंड आहे का एवढंच बघतो. लिंक मात्र तुटत राहते. पुण्यातल्या तापकीर गल्लीत केबल घेताना कॅट ६ आणि शुद्ध तांब्याची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण वाकवली की लवकर तुटते.

आता आयपी. मधे राउटर नसल्याने पत्ता वाटायला कोणी नसतं आणि विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. त्यावरही काम होतं, पण मी पत्ते हाताने देतो: १९२.१६८.५०.१ आणि १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग दोघांचा सारखा, ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेरच्या नेटवर्कला जायचं दार) रिकामा. गेटवे भरला तर इंटरनेटही या केबलवरून शोधलं जाऊ शकतं. पत्त्यांची मालिका घरच्या वायफायपेक्षा वेगळी हवी, नाहीतर कुठल्या वाटेने जायचं यात विंडोजचा घोळ होतो.

मग पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारी कमांड. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर परत तार आणि पत्ते बघा. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर संशय फायरवॉलवर. खात्रीसाठी एआरपीची यादी (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा, ते दाखवणारी) ‘arp -a’ कमांडने काढा: समोरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, त्यात दिसला तर तार आणि पत्ते ठीक आहेत, अडवतोय तो फायरवॉलच. माझ्याकडे हेच होतं. गेटवे नसलेलं नेटवर्क विंडोजला ‘अनआयडेंटिफाइड’ वाटतं आणि ते त्याला पब्लिक, म्हणजे अनोळखी लोकांचं, मानून जास्त अडवतं. फायरवॉल सरसकट बंद करू नका. पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) त्या जोडणीचं प्रोफाइल प्रायव्हेट करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंगला परवानगी द्या. केबल काढून लावली की प्रोफाइल पुन्हा पब्लिक होऊ शकतं, तेव्हा आधी तेच तपासा.

शेअरिंगमध्ये पासवर्ड मागितला तर विंडोज उघडायचा पिन चालत नाही. डेस्कटॉपवरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो रिकामा असेल तर विंडोज आत घेत नाही. नेटवर्कच्या यादीत यंत्र दिसण्याची वाट बघण्यापेक्षा फाइल एक्सप्लोररमध्ये दोन बॅकस्लॅश देऊन सरळ आयपी टाका. कॉपीला रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कमांड वापरा, म्हणजे मधेच थांबलं तरी झालेल्या फाइल्स सोडून पुढे जाता येतं. त्याआधी दोन्हीकडचं स्लीप बंद करा.