ऑफिसचा लॅपटॉप, गुलालाचा रंग

कोल्हापूरच्या राजारामपुरीत लॅपटॉप बघायला गेलं की दुकानदार आधी प्रोसेसर सांगतो. एक्सेल, टॅली, मेल एवढंच असेल तर आजचा कुठलाही मधल्या किमतीतला प्रोसेसर पुरतो. फोटो एडिटिंगचा नाद असेल तर मात्र आधी स्क्रीन बघा.

स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' (रंगांची व्याप्ती मोजायचं जुनं माप) लिहिलेलं असेल तर तो पॅनेल एसआरजीबीचे, म्हणजे फोटो आणि वेबसाठी ठरलेल्या रंगश्रेणीचे, साधारण ६०-६५ टक्केच रंग दाखवतो. जोतिबाच्या यात्रेचा फोटो उघडा: गुलाल फिका, विटकरी दिसेल. मग आपण सॅच्युरेशन वाढवत बसतो आणि तोच फोटो चांगल्या मोबाईलवर अक्षरशः किंचाळतो. आयपीएस (पॅनेलचा एक प्रकार) लिहिलंय म्हणून फसू नका, त्याचा संबंध बाजूने बघण्याशी आहे, रंगांच्या व्याप्तीशी नाही. '१०० टक्के एसआरजीबी' हवं, ब्राइटनेस किमान ३०० निट्स.

रॅम १६ जीबी. ८ घेऊन पुढे वाढवू म्हणत असाल तर दुकानातच विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. वापरलेले आणि एकूण स्लॉट तिथे दिसतात. तरी मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'सोल्डर्ड' लिहिलंय का तेही तपासा. बोर्डावर डकवलेली रॅम बदलता येत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकाच १६ च्या पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या, कारण ग्राफिक्स तीच रॅम वापरतं आणि दोन पट्ट्यांतून डेटा जास्त वेगाने मिळतो.

एसएसडी, म्हणजे फाइल साठवायची जागा, ५१२ जीबी. व्हिडिओ करणार असाल तर १ टीबी, नाहीतर वर्षभरात रडाल.