आमची वाटचाल : ३८ हजारांचा बेस गिटार १ लाख ६५ हजारांवर कसा आला

मागच्या महिन्यात एक जुने कस्टमर गाळ्यावर आले, २०११ साली त्यांनी आमच्याकडून चार तारांचा बेस गिटार ३८ हजारात करून घेतला होता, आता पाच तारांचा हवाय. भाव सांगितला १ लाख ६५ हजार. ते गप्पच बसले, मग म्हणाले, दादा, एवढं काय बदललं हो? मी जुनी वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो म्हणून इथे सगळं लिहून टाकतो.

माझे वडील गिरगावात सुतारकाम करायचे, दारं, खिडक्या, कपाटं. मी कॉलेजपासून ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो, गणपती-नवरात्रीचे शो. एका पावसाळ्यात माझ्या बेसची नेक, म्हणजे तारा ज्यावरून जातात तो लांब दांडा, वाकली, दुकानात सांगितलं नवीनच घ्या, बाबांनी मात्र ती खोलून बघितली आणि म्हणाले, लाकूड मुरलेलंच नव्हतं रे. मग त्यांनीच घरातल्या जुन्या सागवानाची नवी नेक केली, मी बाजूला बसून मापं सांगत होतो. २००९ ला जोगेश्वरीत छोटा गाळा घेतला तो या एका नेकच्या जोरावर.

लाकूड मुरणं का एवढं महत्त्वाचं तर बेसची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच, आणि चार तारांचा मिळून ताण येतो ७५-८० किलो, पाच तारांचा त्याहून जास्त, तोही दिवसरात्र. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची धातूची सळई असते, पण ती पुढे-मागे झुकलेली नेक सरळ करते, पिळवटलेली नाही. म्हणून आम्ही नेकचं लाकूड निदान तीन वर्षं रॅकवर ठेवतो. २०१४ ला एका घाईच्या ऑर्डरसाठी मी अकरा महिन्यांचं लाकूड वापरलं, सहा महिन्यांत नेक पिळली, आम्ही ती फुकट बदलून दिली आणि त्यानंतर असं परत कधीच केलं नाही. पण तीन वर्षं पैसे लाकडात अडकून पडतात आणि त्या लाकडाला जागा लागते, मुंबईत जागेचं भाडं काय असतं ते मी वेगळं सांगायला नको.

लाकडाचा भावही वाढला. सुरुवातीला गिरगाव, लालबागच्या चाळी पाडताना निघालेल्या बर्मा सागवानाच्या तुळया स्वस्तात मिळायच्या, आता त्याच तुळयांवर फर्निचरवाले आणि हॉटेलचं इंटिरियर करणारे आमच्या आधी बोली लावून बसलेले असतात. बॉडीला शिवण झाडाचं लाकूड वापरतो, हलकं आणि शांत, फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवर बोटं दाबायच्या पट्टीला, शिसवी. बाहेरचं स्वॅम्प अ‍ॅश मागणारे असतात, पण तिकडे अमेरिकेत अ‍ॅशच्या झाडांना कीड लागली, पुरांमुळे तोडही अडली, २०२० मध्ये फेंडर या मोठ्या गिटार कंपनीनेसुद्धा नेहमीच्या बहुतेक मॉडेल्समधून ते काढलं, मग इथे आम्हाला ते कुठल्या भावाने पडणार? शिसवी आपल्याच मातीतली, तरी तिचाही घोळ झाला होता. २ जानेवारी २०१७ पासून सगळी शिसवी साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेली आणि बाहेरदेशी विकायचं तर परमिट लागायला लागलं, आमच्या दोन ऑर्डर कागदांसाठी अडकल्या, शेवटी पैसे परत केले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली तेव्हा सुटलो.

ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि मशिन हेड (तारा ताणायच्या खुंट्या) जपानचे किंवा अमेरिकेचे, इथे त्या तोडीचे मिळत नाहीत. २०१० ला डॉलर ४५ च्या आसपास होता, २०२२ मध्ये ८० पार गेला, वर कस्टम ड्युटी, कुरियर, जीएसटी. वहीत तेव्हाचा हार्डवेअर सेट ९ हजार लिहिलाय, आता पाच तारांचा ३४ हजाराला पडतो. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारी कॉइल, आम्ही इथेच गुंडाळतो, केसाएवढी बारीक ४२ गेजची तांब्याची तार, एका पिकअपवर दहा हजाराच्या आसपास वेढे.

पण सगळ्यात जास्त वाढली ती मजुरी, आणि ती वाढलीच पाहिजे होती. एका बेसला ११०-१२० तास जातात. आमचे मोठे कारागीर फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, फक्त बोट फिरवून सांगतात की बारावी फ्रेट किंचित वर आहे, पट्टी लावून बघितलं की तसंच निघतं, हे हात तयार व्हायला दहा वर्षं लागली. तेव्हा त्यांना दिवसाला ३५० द्यायचो, आज १२०० देतो आणि तेही मला कमीच वाटतात, कारण नालासोपाऱ्याहून लोकलच्या गर्दीत लटकत येऊन ते हे इतकं नाजूक काम करतात. स्टीलच्या फ्रेट असल्या की कानस दोन बेसमध्येच बोथट होते, त्याचा खर्च वेगळा.

पावसाळ्यात स्प्रे बंद, हवेतल्या दमटपणाने लॅकर पांढरं पडतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर फक्त सुतारकाम, लाकडाच्या खोलीत ओलावा खेचणारा डीह्युमिडिफायर चालू आणि बिल येत राहतं. आधी वर्षाला २२ बेस व्हायचे, आता १४ च घेतो. मशीनवर भराभर बॉडी कापून स्वस्त करा असं बरेच जण सांगतात, बॉडीचं ठीक आहे, नेक मी मशीनला देणार नाही.

भाव बुकिंगच्या दिवशी ठरला की तोच राहतो, मध्ये डॉलर कितीही वाढो, आणि पैसे तीन हप्त्यात.

त्या कस्टमरनी वही पूर्ण वाचली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आमची लालबागची चाळ यंदा पाडली, आमच्या खोलीवरच्या तुळईचा तुकडा मी ठेवलाय, चालेल का? दुसऱ्या दिवशी टेम्पोतून घेऊन आले. सागवानच आहे, रेषा सरळ, दोन खिळे काढायचेत, पण पाडकामात पावसात भिजलेलं, मीटरवर १८ टक्के ओलावा दाखवतो. १० पर्यंत उतरल्याशिवाय करवत लावणार नाही असं त्यांना सांगितलंय, ते थांबायला तयार आहेत. पहिला हप्ता भरून गेलेत, तुळई वरच्या रॅकवर आहे.