आडिवरेकर, आडिवऱ्यात कोणी नाही

कॉफीच्या दुकानात मी माझं नाव 'सॅम' सांगतो. सॅम माझं नाव नाही आणि आडनाव तर त्याहून नाही. पण मागे सात माणसं रांगेत उभी असताना इंग्रजीत दहा अक्षरांचं आडनाव काउंटरवरच्या पोराला सांगायचं म्हणजे त्याचाही छळ आणि रांगेचाही. पहिल्या नोकरीतल्या मॅनेजरने ते एकदा मनापासून वाचायचा प्रयत्न केला होता. 'आदि... व्हेअर... कार?' असा त्याचा उच्चार झाला आणि पुढचे सहा महिने पार्किंगमध्ये भेटेल तो मला 'आदि, व्हेअर'ज द कार?' विचारून स्वतःच हसायचा. गंमत म्हणजे तेव्हा माझ्याकडे कार नव्हतीच. १९९९ साली, वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालाच्या घोळाच्या, धामधुमीत, एचवनबी व्हिसावर अमेरिकेत आलेल्या आमच्यासारख्यांकडे दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि कुणाचा तरी मित्र एवढंच असायचं.

आमचं आडिवरं राजापूर तालुक्यात. आडिवऱ्याची महाकाली म्हटलं की रत्नागिरीतले लोक लगेच मान डोलावतात. आजोबा तिथून चाळीसच्या दशकात मुंबईला आले. मुसाकाजीच्या बंदरातून बोटीने भाऊच्या धक्क्याला, आणि तिथून परळला, गाववाल्यांच्या खोलीत. एका खोलीत पंधरा-वीस चाकरमानी. पाळीने कामाला जायचं, पाळीने झोपायचं. गिरणीत नाव लिहिणाऱ्या कारकुनाने विचारलं, 'नाव?' आजोबांनी स्वतःचं आणि बापाचं सांगितलं. 'पुढे?' आजोबा गप्प. 'अरे, कुठला तू?' 'आडिवऱ्याचा.' झालं. आजोबा गेटमधून आत गेले ते आडिवरेकर होऊन.

हे आजोबांनीच सांगितलेलं, त्यामुळे त्यात मीठमसाला किती ते महाकालीला ठाऊक. अमेरिकेतही अशी एक गोष्ट घरोघर चालते, की न्यूयॉर्कला येणाऱ्या स्थलांतरितांची नोंद व्हायची त्या एलिस बेटावर उतरलेल्या आपल्या पणजोबांचं नाव तिथल्या कारकुनाने बदलून टाकलं. इतिहासकार म्हणतात, तसं काही नव्हतं, तिथले कारकून बोटीवरून आलेल्या याद्यांशी नावं ताडून पाहत. म्हणजे त्यांच्या कारकुनावर उगाच आळ आला. आमच्यावर मात्र कारकुनाचे उपकारच आहेत.

कारण गावात आम्ही आडिवरेकर नाहीच. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. मे महिन्यात गावी गेलो होतो. देवळाच्या आवारात एका म्हाताऱ्याने विचारलं, 'कोणाचा रे तू?' मी शाळेत सांगतात तसं ताठ उभं राहून पूर्ण नाव सांगितलं. म्हातारा बोळक्या तोंडाने असा हसला! 'अरे, हितं सगळेच आडिवऱ्याचे. घर कुठलं तुझं?' तेवढ्यात मागून काकांनी सांगितलं, 'पऱ्याकडचा.' लगेच म्हाताऱ्याला आजोबा, पणजोबा, आमचा फणस आणि त्या फणसावरून झालेलं भांडण, सगळं आठवलं.

पऱ्या म्हणजे ओढा. पावसाळ्यात घराला खेटून धो धो वाहायचा आणि मे महिन्यात त्यात नुसते गोटे. वाडीतल्या दहा घरांत आपलं घर ओळखायला तेवढा पऱ्या पुरे होता. परळच्या चाळीत पऱ्या कोणाला माहीत? तिथे अख्खं गाव सांगावं लागलं. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गावही चालत नाही, 'इंडिया' सांगावं लागतं.

आमच्या धाकट्या काकांचं तर याहून निराळं झालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही. वर्ष-दीड वर्ष वाट पाहून काका बायकोपोरांसकट आडिवऱ्याला परत गेले. परळमध्ये उभा जन्म त्यांना आडिवरेकर म्हणत. गावात उतरल्या दिवसापासून ते 'मुंबईकर' झाले. चहात साखर कमी पडली तरी वहिनी म्हणायची, 'मुंबैकरांना गोड लागतं.' वारले तेव्हाही गावात निरोप गेला तो 'पऱ्याकडचे मुंबईकर गेले' असा. हा माणूस जिथे राहिला तिथला कधी झालाच नाही, आणि त्याचं त्याला दुःख होतं असंही मला दिसलं नाही. काजू लावले, बरे लागले.

असं आडनाव घेऊन दूर गेलेले आम्ही काही पहिले नाही. आमच्या कंपनीच्या तेल अवीवच्या ऑफिसातून एकदा एक मेल आली, खाली आडनाव होतं पेणकर. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू मंडळी. रोहेकर, किहीमकर, नवगावकर अशी रायगडातली गावं नावाला लावून ही माणसं १९४८ नंतर इस्राएलला गेली. त्या बाईंना मी उत्साहाने मराठीत उत्तर लिहिलं. त्यांचं इंग्रजीत आलं : आजीला वाचून दाखवायला हवं होतं, आता ती नाही. पेण कुठे आहे, हेही त्यांनी विचारलं होतं. मी गणपतींचे फोटो पाठवले.

नागरिकत्वाचा अर्ज भरला तेव्हा त्यात एक प्रश्न होता : तुम्हाला कायदेशीर नाव बदलायचं आहे का? फुकटात! बायको म्हणाली, 'आदी करून टाक, मुलीचे हाल वाचतील.' मी पेन घेऊन बसलो आणि मग डोंबिवलीला फोन लावला. वाटलं होतं, बाबा चिडतील. ते म्हणाले, 'बदल की. आम्ही तरी मूळचं कुठे ठेवलं?' एवढ्या सहज परवानगी मिळाल्यावर माझाच हात चालेना. 'नाही'वर खूण केली. भारताचा पासपोर्ट परत केला, रद्द होऊन आला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घेतलं. त्या कार्डाची सोय आता पणतवंडांपर्यंत आहे, म्हणजे माझ्या मुलीच्या मुलांनाही बाबांच्या नावावर ते काढता येईल. कागदोपत्री आम्ही अजून चार पिढ्यांचे आहोत.

मुलगी मात्र हे आडनाव माझ्यापेक्षा झोकात वागवते. फोनवर कोणी नाव विचारलं की 'ए-डी-आय, व्ही-ए-आर, ई-के-ए-आर' असं पाढ्याच्या चालीत, एका दमात. कॉफीच्या दुकानात ती 'सॅम' वगैरे सांगत नाही. पेल्यावर काहीही लिहून आलं तरी फोटो काढून मला पाठवते. 'आडव्हर्ब' हा आतापर्यंतचा सर्वात चांगला.

मागच्या ऑगस्टमध्ये ती टेक्ससला कॉलेजात गेली. पहिल्याच आठवड्यात कुरकुर : 'बाबा, इथे मला सगळे 'जर्सी' म्हणतात. आय हेट इट.' जर्सीत अठरा वर्षं काढली, तिथे तिला कोणी असं म्हटलं नव्हतं.

मी ते डोंबिवलीला फोन करून सांगितलं. बाबा बराच वेळ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, 'नुसतं जर्सी? कर नाही लावत?'