सॅकेत मावणारी दुर्बीण : नोंद चौथी, जानेवारी २०२६

पावसाळ्यात स्वतःला घातलेली अट अशी होती की दुर्बीण, माउंट (तिला धरून फिरवणारा आधार) आणि नेत्रिका (डोळ्याजवळची भिंगे) मिळून दहा किलोंच्या आत बसल्या पाहिजेत आणि सगळे सामान मोटारसायकलवरून पुण्याहून भोरच्या पुढच्या माळापर्यंत एकट्याला नेता आले पाहिजे. कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष अशा तीन अमावास्या या परीक्षेत खर्ची पडल्या. निवड झाली आहे, परंतु ती ज्या कारणाने झाली ते कारण ऑक्टोबरमध्ये माझ्या यादीत नव्हतेच, म्हणून ही नोंद दुर्बिणीपेक्षा माउंटविषयी अधिक आहे.

आधी जुन्या सामानाचा हिशेब संपवतो. माझी ११४ मिमीची परावर्तक दुर्बीण हलक्या विषुववृत्तीय माउंटवर होती आणि तिने मला चार वर्षे छळले. ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरता यावे म्हणून या माउंटचा ध्रुवीय अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो; भोरला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो, म्हणजे बहुतेक रात्री समोरच्या डोंगराच्या कडेला किंवा धुरकटात. अक्ष इतका आडवा झाला की प्रतिभाराचा, म्हणजे दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा, दांडा जवळजवळ उभा लोंबतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडील पायावर आपटतो. ट्रायपॉड फिरवून दोन पायांमधली फट उत्तरेला आणली की हे टळते, पण ही साधी युक्ती मला तिसऱ्या वर्षी सुचली. शिवाय प्रतिभाराचे लोखंड एकटेच दोन किलोंहून जड. तो माउंट विकला आणि त्याबद्दल मला खेद नाही.

उमेदवार तीन होते. पहिली ८० मिमी व्यासाची, ४०० मिमी नाभीअंतराची अपवर्तक दुर्बीण आणि तिच्यासोबत बारीक फिरकीचे स्क्रू असलेला साधा दिगंश-उन्नतांश माउंट, म्हणजे आडवा आणि वर-खाली असा फिरणारा. दुसरी त्याच माउंटवर बसणारी ९० मिमीची मॅकसुटोव्ह (भिंग आणि आरसा दोन्ही असलेली आखूड, बंद नळीची दुर्बीण), नाभीअंतर १२५० मिमी. तिसरी १३० मिमीची, ६५० मिमी नाभीअंतराची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन (फिरत्या तबकडीवर बसवलेली आरशाची दुर्बीण), जिची नळी दांड्यांवर सरकून निम्मी होते. पहिल्या दोन मित्रांकडून उसन्या आणल्या होत्या.

२२ नोव्हेंबर. शनीची कडी या महिन्यात आपल्याला जवळजवळ आडवी दिसत असल्यामुळे बिंबातून आरपार गेलेल्या सुईसारखी रेघ तेवढी उरली होती. मॅकसुटोव्हने ती १२५ पटीला सर्वांत सुबक दाखवली, पण त्यासाठी बंद नळी थंड होण्याची पाऊण तास वाट पाहावी लागली आणि अकराच्या सुमारास पुढच्या काचेवर दव बसले. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या स्वच्छ रात्री म्हणजे दवाच्याच रात्री. सतरंजीखाली घालायच्या फोमच्या चटईचा तुकडा गुंडाळून पुढे लावल्यावर तासभर उसंत मिळाली.

२० डिसेंबर. कृत्तिका मॅकसुटोव्हमध्ये २५ मिमीच्या नेत्रिकेतून मोकळेपणाने मावत नाहीत, कारण क्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारे आकाश, एका अंशाच्या आसपासच मिळते. ८० मिमीच्या दुर्बिणीत त्याच नेत्रिकेने तीन अंशांहून अधिक आकाश दिसते आणि कृत्तिकांभोवती काळोखाची चौकट राहते, जी मला स्वतःला फार आवडते. मात्र मृगातील तेजोमेघाकडे वळल्यावर १३० मिमीने दोघींना मागे टाकले. प्रकाशसंकलन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ९० मिमीच्या दुप्पट आणि ८० मिमीच्या अडीच पटींहून थोडे अधिक. मधल्या दुय्यम आरशाची सावली त्यातून थोडी वजा करावी लागते, तरीही तेजोमेघाचे पसरलेले पंख पाहताना हा फरक आकडेमोड न करता कळतो.

१७ जानेवारी. खरा निकाल या रात्री लागला. गुरू १० तारखेला प्रतियुतीत (सूर्याच्या बरोबर समोर) होता आणि मिथुन राशीत असल्याने त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, उत्तर २२ अंशांच्या घरात होती. भोरचे अक्षांश १८ असल्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास तो खस्वस्तिकापासून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून) अवघ्या चार अंशांवरून गेला, आणि तोही उत्तरेच्या बाजूने. पन्नास अंश अक्षांशावर राहणाऱ्यांनी लिहिलेल्या परीक्षणांत या अडचणीचा उल्लेख फारसा सापडत नाही, कारण त्यांच्याकडे ग्रह डोक्यावर येतच नाहीत. आपल्याकडे मात्र हिवाळ्यातले ग्रह याच जागेतून जातात. दिगंश-उन्नतांश माउंटवर खस्वस्तिकाजवळची वस्तू धरून ठेवायची तर दिगंशात फार वेगाने फिरावे लागते. माझ्या हिशेबाने चार अंशांवर हा वेग आकाश फिरण्याच्या नेहमीच्या गतीच्या (तासाला १५ अंश) सुमारे १३ पट, म्हणजे मिनिटाला तीन अंशांहून अधिक होतो. बारीक फिरकीचा स्क्रू तिथे निरुपयोगी ठरला. मी तो चक्कीच्या दांड्यासारखा फिरवत राहिलो आणि गुरू तरीही निसटत राहिला.

डॉब्सोनियनचीही तिथे पंचाईत होतेच, कारण नळी उभी झाली की तिला ढकलून दिगंश बदलायला तरफ उरत नाही. परंतु तिच्यात स्क्रू आणि क्लच यांची भानगड नसल्यामुळे खालची लाकडी तबकडीच हाताने फिरवता येते. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेल्या जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी असताना अशा दुर्बिणी बांधायला सुरुवात केली, हे मला नेहमी गमतीचे वाटते. प्लायवूड आणि टेफ्लॉनचे तुकडे एवढ्यावर चालणाऱ्या या रचनेत बिघडण्यासारखे खरोखरच काही नाही. १३० पटीला, क्षेत्र जेमतेम ०.४ अंश असताना, गुरू साधारण दीड मिनिटात क्षेत्र ओलांडतो आणि तेवढ्या वेळाने एक हलका धक्का देण्याची सवय हाताला अर्ध्या रात्रीत लागते.

तेव्हा १३० मिमी घेतली. वजन सहा किलोंच्या आसपास आहे. नळी सॅकेत जाते, तबकडी मात्र मागे कॅरिअरला बांधावी लागते, त्यामुळे शीर्षकात थोडी अतिशयोक्ती आहे हे मान्य करतो. खड्ड्यांतून गेल्यावर आरशांची जुळणी दर वेळी तपासावी लागते, आणि f/५ च्या (नाभीअंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या) आरशाला त्यात हयगय खपत नाही. उघड्या दांड्यांमधून आत येणारा दिव्याचा उजेड अडवायला काळ्या कागदाचे वेष्टण केले आहे. टेबलाचा प्रश्न मात्र सर्वांत जास्त वेळ खाऊन गेला: प्लॅस्टिकच्या खुर्चीवर प्रतिमा थरथरते, चार पायांचे स्टूल माळावर डगमगते, आणि गावाजवळच्या देवळाच्या पाराइतकी घट्ट जागा दुसरी नाही, पण तिथे दिवा आहे. शेवटी सुताराकडून तीन पायांचे, गुडघ्याएवढ्या उंचीचे स्टूल करून घेतले. नळीवर टिचकी मारल्यावर थरथर दोन सेकंदांत थांबते.

गुरूसाठी तूर्त उपाय असा की मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, सर्वांत उंच) येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर पाहायचे, कारण तेव्हा तो खस्वस्तिकापासून सुमारे १५ अंश दूर असतो. दुसरा उपाय सुताराकडेच तयार होत आहे: तबकडीखाली ठेवायची १२ अंशांची पाचर, जिच्यामुळे माउंटचा उभा अक्ष दक्षिणेकडे कलेल आणि गुरूची वाट त्या अडचणीच्या जागेपासून १६ अंशांवरून जाईल. इतक्या कलावर सहा किलोंची दुर्बीण स्टूलसकट उलटते की नाही हे आधी गच्चीवर, आरसा काढून ठेवून, पाहणार आहे. उलटली नाही तर १४ फेब्रुवारीच्या शनिवारी पाचरीसह माळावर. गुरू तेव्हा रात्री दहाच्या सुमारासच डोक्यावर येईल, आणि पहाटे चारच्या सुमारास दक्षिणेच्या डोंगरावर नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा हा तारकागुच्छ २४ अंशांपर्यंत चढलेला असेल.