तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाळ्यात नागनदीला पाणी राहील का?

दिवाळी झाली की नागपूरच्या खाली, नागनदीच्या काठावरच्या आमच्या कुही तालुक्यात मला हा प्रश्न सुरू होतो. "बाई, तू तं नदीचंच काम करते नं, मंग सांग नं, औंदा मे महिन्यापर्यंत नागनदीले पाणी राहीन का? वांगे लावू का मका?" विचारणारे कधी काकाजी, कधी भाऊजी, परवा तर लग्नात जेवणाच्या पंगतीत एकानं विचारलं, हातातली बुंदी तशीच. मी शहरातून येणाऱ्या नद्यांच्या प्रवाहाचं मॉडेल करते, म्हणजे कुठून किती पाणी आत येतं आणि ते खाली कधी, किती पोचतं याचा हिशोब कॉम्प्युटरवर मांडते. दरवेळी उभ्याउभ्या अर्धंच उत्तर देऊन होतं, म्हणून आता एकदा नीट लिहून टाकते.

पाणी राहील. पण किती राहील हे पावसावर नाही, नागपूरवर आहे.

आपल्याकडचे नाले होळीपर्यंत कोरडे पडतात, बोडीत (गावतळ्यात) चिखल उरतो, हे कोणाला सांगायची गरज नाही. नागनदी पण मुळात तशीच, वाडीजवळच्या लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघालेली छोटी पावसाळी नदी, तिचं स्वतःचं पाणी फेब्रुवारीनंतर नावापुरतंच. उन्हाळ्यात जे वाहताना दिसतं ते नागपूरकरांनी वापरून सोडलेलं पाणी, काही भांडेवाडीच्या सांडपाणी प्लांटमध्ये शुद्ध होऊन आलेलं, काही तसंच नाल्यांतून घुसलेलं. आणि ते मूळचं कुठलं, तर बरंचसं पेंच नदीचं. तोतलाडोह, नवेगाव खैरी ही तिच्यावरची धरणं, तिथून शहराच्या नळाला, नळातून गटारात, गटारातून नागनदीत आणि शेवटी कन्हान नदीमध्ये. गंमत म्हणजे पेंच नदी कोणी अडवली नसती तरी कामठीच्या वरच कन्हानला मिळणार होती. म्हणजे तेच पाणी लोकांच्या मोऱ्या-संडास फिरून त्याच कन्हानला येतं, फक्त आपल्या दारावरून.

आता हिशोब, कारण काकाजी लोकांना हिशोबच पटतो. सरकारी नियोजनात शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानतात. दहा लाख माणसं घेतली तर दिवसाला १०८ एमएलडी, म्हणजे १० कोटी ८० लाख लिटर, म्हणजे सेकंदाला १,२५० लिटर. पाच एचपीची मोटार नदीतून वर पाणी ओढते तेव्हा ढोबळमानानं सेकंदाला दहाएक लिटर देते (काठ किती उंच, पाइप किती लांब त्यावर कमीजास्त), तर दहा लाख लोकांच्या सांडपाण्यावर अशा सव्वाशे मोटारी एकाच वेळी चालतील. नागपूरची लोकसंख्या याच्या दुप्पटीच्या वर आहे, म्हणून तर आपल्याकडे भर उन्हाळ्यात ओलीत होतं आणि शेजारच्या नाल्यावरच्या गावात टँकरची वाट पाहतात.

पण हे पाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी शहर उठतं, आंघोळी, धुणी, भांडी, त्याचा एक फुगवटा गटारातून आणि प्लांटमधून नदीत पडतो, रात्री दोन-तीन वाजता सगळं मंद होतं. आता गाव प्लांटपासून समजा तीस किलोमीटर खाली आहे आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर चालतंय, तर त्या पाण्याला गावात यायला सोळा-सतरा तास लागतात. फुगवटा मात्र दहा तासांतच येतो! रुंद उथळ पात्रात पाण्याची वाढ स्वतः पाण्याच्या साधारण पावणेदोन पट वेगानं खाली सरकते, कारण वरून आलेलं पाणी पुढच्या पाण्याला ढकलतं. म्हणून सकाळी आठला नदीत पडलेल्याची लेव्हल आपल्याकडे संध्याकाळी सहाला चढते आणि त्या आठ वाजताचा साबण, वास, फेस रात्री बारा-एकच्या पुढे येतो. लेव्हल चढली की लगेच मोटार सुरू करणारे त्यातल्या त्यात बरं पाणी घेतात, हे मी खूप जणांना सांगितलंय, ऐकतात थोडे, कारण थ्री फेज लाइन कधी येईल ते त्यांच्या हातात नाही. आणि मधे बंधारा असला, त्याला फळ्या लावलेल्या असल्या, की फुगवटा तिथे पसरून सपाट होतो, मग खाली दिवसरात्र जवळपास सारखंच.

आणखी एक, ज्याच्यावर गावात नेहमी वाद होतो. "मागच्या महिन्यापेक्षा पाणी वाढलं, पाहा नं, दगड बुडला." दगड बुडला म्हणजे पाणी वाढलंच असं नाही. पात्रात जलपर्णी दाटली, काठानं बेशरमाची झुडपं वाढली की पाण्याला घर्षण वाढतं. मॅनिंग नावाच्या आयरिश इंजिनिअरनं १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र आम्ही आजही वापरतो, त्यात या खडबडीतपणाचा एक आकडा असतो, स्वच्छ मातीच्या पात्राला ०.०३ च्या आसपास, झाडोऱ्यानं भरलेल्याला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. आकडा दुप्पट झाला तर तेवढ्याच पाण्याला नदी दीडपट खोल दिसते, फक्त सावकाश चालते. मॉडेल बसवताना माझा सगळ्यात जास्त वेळ याच एका आकड्यात जातो, पाऊसबिऊस त्यामानानं सोपं काम.

मग मी दरवर्षी छातीठोक "लावा" का म्हणत नाही? कारण कोराडी. तिथल्या वीजकेंद्राला थंड करायला पाणी लागतं आणि त्यासाठी भांडेवाडीत १३० एमएलडीचा प्लांट बांधला, शुद्ध केलेलं पाणी पाइपनं तिकडे जातं. तिथे त्यातलं बरंचसं कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडतं, नदीत परत येत नाही. १३० एमएलडी म्हणजे सेकंदाला १,५०० लिटर, वरच्या हिशोबानं दीडशे मोटारी. माझं स्पष्ट मत, ही योजना चांगलीच आहे, विजेसाठी पेंचचं गोड पाणी जाळण्यापेक्षा सांडपाणी वापरणं कधीही बरं, आणि वाचलेलं पेंचचं पाणी रामटेक-मौद्याकडच्या कालव्यांना मिळू शकतं. पण तिकडच्या शेतकऱ्याला जे मिळतं ते कुहीच्या शेतकऱ्याच्या वाट्यातून वजा होतं, आणि ही वजाबाकी कोणी आपल्याला येऊन सांगत नाही. त्या कालव्यावर हक्क आहे, पाणीपट्टी आहे, पाळी आहे. या नदीवर आपला कागदावर काहीच हक्क नाही, शहरानं सोडलं तर मिळालं. उद्या प्लांटचं आणखी पाणी कारखान्यांना विकलं तर मॉडेलमध्ये मला फक्त एक ओळ बदलावी लागेल, तुमचं अख्खं पीक बदलावं लागेल.

पावसाळ्याचं मॉडेल वेगळंच असतं, तेव्हा सांडपाणी त्या पुरात कुठे दिसतही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदी लोकांच्या घरात शिरली, ती कहाणी पुन्हा कधीतरी.

पाण्याच्या गुणाबद्दल एवढंच सांगते. घाणीचा सगळ्यात वाईट पट्टा प्लांटच्या तोंडाशी नसतो, थोडा खाली असतो, कारण जिवाणूंना घाण खाताना ऑक्सिजन संपवायला वेळ लागतो. हे गणित १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीवरच्या अभ्यासातून आलं. आपल्याकडे मे महिन्यात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, म्हणून मासे तेव्हाच मरतात. कच्ची खायची भाजी, म्हणजे कोथिंबीर, मुळा, या पाण्यावर नकोच.

तर काकाजी, यंदाचं उत्तर. गहू-हरभऱ्याला काही भीती नाही. मका लावायचा तर जानेवारीतच लावा, एप्रिल संपायच्या आत हातात आला पाहिजे. वांगी ज्याच्या विहिरीला आधार आहे त्यानंच लावावी. आणि ग्रामसभेत एक ठराव घ्या की प्लांटमधून रोज नदीत किती सोडलं आणि पाइपनं किती पाठवलं, हे दोन आकडे ग्रामपंचायतीला कळवावे. ते आकडे तुमच्याकडे आले तर पुढच्या दिवाळीला मला विचारायचं कामच नाही, पंगतीत मीही बुंदी खाईन.