'समुपदेशन पूर्ण': बाबांच्या कोलोनोस्कोपीआधीचा चॅटबॉट

बाबांचे हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नसल्यामुळे डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घेण्यास सांगितले. नागपूरच्या रामदासपेठेतील एका खासगी रुग्णालयात तारीख मिळाली, आगाऊ पैसे भरले आणि तयारीची सर्व माहिती व्हॉट्सॲपवर चॅटबॉट देईल, असे काउंटरवर सांगण्यात आले. माहिती आली, आणि ती शुद्ध मराठीत होती. पोट साफ करणाऱ्या पावडरचे पाकीट दोन लिटर पाण्यात विरघळवायचे, निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे पहाटे घ्यायचे, लाल रंगाचे सरबत टाळायचे कारण त्याचा रंग आतड्यात रक्तासारखा दिसू शकतो, हे त्याने नीट सांगितले. बाबांनी एकच प्रश्न रात्री पुन्हा पुन्हा विचारला, तरी तो कंटाळला नाही. एवढा संयम माझ्याकडे नक्कीच नव्हता.

घोडे अडले ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर. बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, आहे आणि त्यांना ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल अशा दोन्ही गोळ्या चालू होत्या. त्या बंद करायच्या की नाही, असे विचारल्यावर बॉटने 'आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद कराव्यात' असे उत्तर दिले. कोणत्या डॉक्टरांच्या, असे विचारल्यावर तेच वाक्य पुन्हा आले. काउंटरवर फोन केला तर तेथील ताई म्हणाल्या, ''चॅटवर विचारा ना सर, सगळं तिथंच सांगतात.'' चॅटवरून काउंटर आणि काउंटरवरून चॅट असे हेलपाटे घालून शेवटी मी प्रत्यक्ष गेलो, तेव्हा संगणकात पाहून मला सांगण्यात आले की आपले समुपदेशन पूर्ण झालेले आहे. बॉटच्या प्रत्येक संदेशाखाली 'समजले' असे बटण होते आणि ते दाबल्याशिवाय पुढचा संदेश येत नसे. बाबांनी ते दाबत दाबत शेवटपर्यंत नेले, आणि तेवढ्यावर रुग्णालयाच्या नोंदीत त्यांना सगळे समजले होते.

हे बटण मला आजही खटकते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात स्पष्ट केले आहे की रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि केवळ तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही. आमचा अडलेला प्रश्न नेमका तेथेच होता. नुसते पाहायचे असेल किंवा छोटा तुकडा तपासायला घ्यायचा असेल तर या गोळ्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. पण पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतील भिंतीवरची वाढ, दिसल्यास त्याच वेळी काढायचा असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि दुसरीकडे स्टेंट नवा असताना गोळ्या थांबवल्या तर तो रक्ताच्या गुठळीने बंद होण्याची भीती असते. म्हणजे पॉलिप काढायचा का आणि स्टेंट केव्हा बसवला, या दोन गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही, आणि रुग्णालयाच्या बॉटने त्यांतील एकही विचारली नव्हती.

त्या रात्री मी चॅटजीपीटीला, बाबांचे नाव किंवा अहवालाचे छायाचित्र न देता, एवढेच विचारले की अशा रुग्णाने डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत. त्याने दिलेली यादी उत्तम होती. आपणही यंत्राकडून प्रश्न तयार करून घ्यावेत, ते कागदावर लिहावेत आणि उत्तरे मात्र ज्याची सही प्रिस्क्रिप्शनवर असते त्याच्याकडूनच घ्यावीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वेही माणसाच्या देखरेखीचा आग्रह धरतात, हे मी काउंटरवर जरा चढ्या आवाजातच ऐकवले. परिणाम कशाचा झाला ते ठाऊक नाही, पण एंडोस्कोपी विभागातील सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी आम्हाला थेट पोटविकारतज्ज्ञांसमोर बसवले.

पुढचे सगळे सरळ झाले. पॉलिप दिसल्यास त्याच वेळी काढायचा असे ठरले. धंतोलीतील हृदयरोगतज्ज्ञांनी स्टेंटला वर्ष उलटून गेल्याचे पाहून ॲस्पिरिन चालू ठेवण्यास आणि क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवण्यास लिहून दिले. हा निर्णय बाबांपुरता आहे, कृपया कोणी तो स्वतःला लावू नये. आधीची तारीख त्याहून जवळ असल्यामुळे ती पुढे ढकलावी लागली. मधुमेह असणाऱ्यांनी उपाशी राहण्याच्या दिवशीच्या गोळ्यांबद्दलही असेच लेखी विचारून घ्यावे. पावडरचे पाणी फ्रिजमध्ये थंड केले तर घशाखाली उतरते, हेही सिस्टरनीच सांगितले.

आहाराबद्दल बॉटने 'पोहे चालतील' असे कळवले होते. सिस्टरनी मात्र बाबांना पहिलाच प्रश्न केला, ''काका, पोहे तर्रीसोबत खाता का?'' तर्रीतले हरभरे, सालीच्या डाळी आणि बियांची फळे काही दिवस आधीपासून बंद, हे त्यांनी बजावून सांगितले. दुसरा प्रश्न लोहाच्या गोळ्यांचा होता. हिमोग्लोबिन कमी म्हणून बाबा त्या रोज घेत होते, आणि त्यांमुळे मल काळा व चिकट होऊन आतड्याची भिंत नीट दिसत नाही, त्यामुळे त्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. बॉटने याविषयी अवाक्षर काढले नव्हते. तारीख पुढे गेलेली होती, म्हणून त्यासाठी लागणारे दिवस आम्हाला मिळाले.