रणगाड्याचं वजन

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन पँथर रणगाडा साधारण ४५ टनांचा. १:३५ मापात त्याची प्रतिकृती करायची तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३५ पटींनी घटतात, म्हणजे वजन घटतं ४२,८७५ पटींनी. भागाकार केला की उत्तर येतं एक किलो आणि वर थोडंसं. खोक्यातून निघणारा प्लॅस्टिकचा पँथर मात्र पूर्ण जोडून, रंगवून झाला तरी त्याच्या निम्म्याहून हलका. काचेच्या कपाटात नुसता उभा असेल तर याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्याच्याखाली चिखल घातला, शेजारी पडकी भिंत उभारली, दोन माणसं ठेवली, की पहिला प्रश्न वजनाचाच येतो. हा ४५ टनांचा ऐवज जमिनीवर टेकलाय की तरंगतोय?

बहुतेक डायोरामांत, म्हणजे अशा मांडलेल्या छोट्या देखाव्यांत, तो तरंगत असतो. आधी जमीन करायची, ती नीट वाळू द्यायची आणि मग वर रणगाडा आणून ठेवायचा, असा क्रम ठेवला की दुसरं काय होणार? दोन चाकं जमिनीला लागतात, बाकीच्यांखालून पलीकडचा उजेड दिसतो. माती ओली असतानाच तो तीत दाबायला हवा. चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कडेने वर आलेला चिखल तसाच राहू द्यायला हवा, आणि मागची वाट त्याच पट्ट्याच्या उरलेल्या तुकड्याने उमटवायला हवी. इतक्या निगुतीने रंगवलेली वस्तू स्वतःच्या हाताने चिखलात खुपसायची म्हणजे काळीज थोडं घट्ट करावं लागतं, हे खरं. म्हणूनच लोक ते टाळतात, असा माझा संशय आहे.

वजन पट्ट्यांतूनही दिसतं. सोव्हिएत टी-३४ च्या पट्ट्याला वरून तोलून धरणाऱ्या छोट्या फिरक्या नव्हत्या. परत येताना तो मोठ्या चाकांच्या माथ्यावरच विसावतो आणि दोन चाकांच्या मध्ये झोळीसारखा लोंबतो. अमेरिकी शर्मनला त्या फिरक्या होत्या, त्यामुळे तिथे झोल कमी. किटमधला मऊ व्हिनाइलचा पट्टा रबरबँडच्या जातीचा. तो कुठेच लोंबायला तयार नसतो. मग एकेक कडी जोडून नवा पट्टा करा, नाहीतर आहे तोच चाकांना चिकटवून खाली बसवा. जुना डायोरामा सुधारायला घेतला की मी सगळ्यात आधी पट्टे पाहतो. एवढं एकच काम केलं तरी गाडी लोखंडाची वाटायला लागते.

हे १:३५ माप आलं कुठून, ही एक गंमतच आहे. १:७२ म्हणजे एका इंचात सहा फूट, १:४८ म्हणजे पाव इंचात एक फूट; त्यामागे निदान फूटपट्टीचा हिशेब आहे. १:३५ चा हिशेब मोटरचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथरचं चालणारं किट काढलं, तेव्हा मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं पोट हवं होतं. आधी पोट ठरलं, मग त्यावरून रणगाडा ठरला, आणि माप निघालं १:३५ च्या आसपास. पुढे मोटर बहुतेक किटांतून गेली, माप मात्र राहिलं. आज जगभर जे सैनिक, घरं, दिव्यांचे खांब, सायकली आणि कोंबड्या या मापात बनतात, त्या सगळ्यांची उंची एका बॅटरीने ठरवली आहे.

या मापात १७५ सेंटिमीटरचा माणूस बरोबर ५ सेंटिमीटरचा होतो. जिन्याची पायरी ५ मिलिमीटर, वीट साडेसहा मिलिमीटर. इथवर सगळं सरळ चालतं. अडचण जाडीची. मडगार्डचा खरा पत्रा दोनेक मिलिमीटरचा, आणि साचातून निघालेलं प्लॅस्टिकचं मडगार्ड एक मिलिमीटरचं. म्हणजे मूळ मापात ते ३५ मिलिमीटरचं झालं; चिलखतच की! डोळ्याला आकडा कळत नाही, पण खेळणं कळतं. त्यासाठी रसायनाने कोरलेले पितळेचे पातळ पत्रे मिळतात. ते कापायचे, वाकवायचे, आणि मुद्दाम एका कोपऱ्यात चेपायचे, कारण अरुंद गल्लीतून गेलेल्या रणगाड्याचं मडगार्ड सरळ राहत नाही. वनस्पतींच्या बाबतीत निसर्ग कधीकधी स्वतःच मदतीला येतो. बर्च झाडाचं वाळलेलं फुलोऱ्याचं कणीस चुरडलं की त्यातून दोन-तीन मिलिमीटरचे, तीन टोकांचे खवले पडतात, आणि जमिनीवर विखुरले की ते हुबेहूब गळलेली पानं. पाणी मात्र दाद देत नाही. थेंब आपल्याच आकाराचा राहतो, त्याला ३५ ने भागता येत नाही. ओढा, डबकं, पाऊस हे रेझिन आणि वार्निश वापरून खोटंच करावं लागतं.

खोटं करायचं म्हटलं की गंजावर येणं भाग आहे. आपल्या जमातीला गंज फार प्रिय. त्याची युक्ती देखणी आहे, नाकारत नाही: आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर केसांना मारायचा हेअरस्प्रे, त्यावर रणगाड्याचा खरा रंग. तो वाळला की ओल्या ब्रशने हळूहळू घासायचं. खालचा स्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा रंग अगदी खऱ्यासारखा पोपडे धरून सुटतो. एकदा हे जमलं की हात थांबत नाही, आणि कारखान्यातून नुकताच आघाडीवर आलेला रणगाडा वीस वर्षं भंगारात पडल्यासारखा दिसू लागतो. लढाईतल्या कित्येक रणगाड्यांना तेवढं गंजण्याइतकं आयुष्यच मिळालं नाही. चालत्या गाडीच्या पट्ट्यांचा जमिनीला लागणारा भाग तर घासून घासून चकाकतो. गंज शोधायचाच असेल तर धुराड्याच्या नळीवर शोधावा, कारण तिथला रंग उष्णतेने जळून गेलेला असतो. बाकी ठिकाणी धूळ. धूळ रंगवणं कंटाळवाणं आहे आणि ते कुणी वाखाणतही नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. पाटीवर लिहा अथवा लिहू नका, प्रत्येक देखाव्याला तारीख असतेच. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मनांनी रणगाड्यांवर झिमेरिट नावाचा खरबरीत लेप द्यायला १९४३ च्या उत्तरार्धात सुरुवात केली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तो बंद केला. लेप दिसला की जाणकार लगेच पंचांग मांडून बसतो. शर्मनच्या नाकावर लावलेले लोखंडी दातही तसेच. नॉर्मंडीतल्या शेतांभोवती मातीचे बांध आणि त्यावर दाट झुडपं होती. ती फोडायला सार्जंट कर्टिस क्यूलिनच्या नावाने ओळखले जाणारे हे दात जुलै १९४४ मध्ये बसवले गेले, आणि त्यांचं लोखंड बरंचसं जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेल्या अडथळ्यांतलं. तेव्हा ६ जूनच्या, म्हणजे दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या त्या दिवसाच्या, किनाऱ्यावर असा दातेरी शर्मन उतरवला, तर त्याने ज्या अडथळ्यांतून वाट काढायची तेच आधी तोंडाला बांधून आणल्यासारखं होतं. रंगाच्या बाबतीत मात्र मी भांडत नाही. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन गाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा झाला. त्यावर मारायचे हिरवे-तपकिरी पट्टे घट्ट लेपाच्या डब्यांतून यायचे, आणि ते पाण्याने किंवा पेट्रोलने, जे हाताशी असेल त्याने, पातळ केले जायचे. दोन गाड्यांचे रंग जुळत नसत. तरीही नेमक्या छटेवरून माणसं हिरिरीने वाद घालतात.

या सगळ्या नेमकेपणाचा आद्यपुरुष म्हणून मला विल्यम सायबोर्न आठवतो. ब्रिटिश सैन्यातला लेफ्टनंट. १८३० मध्ये त्याला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम मिळालं. त्याने रणभूमीवरच्या ला हे सांत या शेतवाडीत आठ महिने मुक्काम ठोकून जमीन मोजली. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कुठे होती? समोर शत्रू कोण होता? आणि आसपास कुठलं पीक उभं होतं? तो पिकाचा प्रश्न वाचला की मला हा माणूस सख्खा वाटतो. सत्तर हजारांहून अधिक छोटे शिपाई उभे राहिले आणि १८३८ मध्ये लंडनला ते लोकांनी पाहिले. जमिनीचं माप मैलाला नऊ फूट, म्हणजे त्या हिशेबाने शिपाई तीन मिलिमीटरचा व्हायला हवा होता. त्याने तो सेंटिमीटरभर केला. नाहीतर दिसला कुणाला असता?

एवढं सगळं केल्यावर घोडं अडलं ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या प्रशियन सैन्यावर. सायबोर्नच्या मोजणीनुसार संध्याकाळी सातला प्रशियन फौज मोठ्या संख्येने मैदानात पोचली होती, आणि तशी ती त्याने मांडली. त्या लढाईतला ब्रिटिशांचा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याला ते पसंत पडलं नाही. विजय कुणाचा, असा प्रश्न त्या मांडणीतून निघत होता. पुढे प्रशियनांच्या बऱ्याच आकृत्या मैदानावरून उचलल्या गेल्या. सरकारने हात आखडता घेतल्यामुळे सायबोर्न कर्जात बुडाला तो वेगळाच. आज ती प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. आपण डायोरामा ‘सुधारतो’ म्हणजे धूळ वाढवतो, पट्टे खाली बसवतो. त्यात एक अशीही सुधारणा होऊन गेली.

आपल्याकडून मैदानावरून काय उचललं जातं, हे पाहिलं तर मला जरा अवघडल्यासारखं होतं. मेलेली माणसं. जळका रणगाडा चालतो, फुटलेलं छप्पर चालतं, मोडकी सायकल तर हवीच. प्रेत फारसं कुणी ठेवत नाही. मीही ठेवत नाही. पाच सेंटिमीटरचं प्रेत रंगवताना त्याच्या गालावर कुठली छटा द्यायची, हा विचार करत बसणं मला जमत नाही. त्यापेक्षा पट्टा निखळलाय आणि चौघं घामाघूम होऊन तो चढवताहेत, असा प्रसंग बरा. युद्धात असे प्रसंग बक्कळ होते, त्यामुळे ते खोटंही नाही. पण ती सोय आहे, हे मला ठाऊक आहे.

मांडणीत अमेरिकेच्या शेप पेनचं ऋण मोठं. सत्तरच्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटांबरोबर त्याच्या डायोरामांची रंगीत पत्रकं यायची, आणि खोक्यातली गाडी एखाद्या गोष्टीतलं पात्र होऊ शकते हे पुष्कळांना त्यांतून पहिल्यांदा कळलं. त्याच सुमाराला बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेनने गाड्यांवर सामानसुमान लादायची हौस लावली: बोचकी, डबे, ताडपत्र्या, बाटल्या. मी पहिल्याच्या बाजूचा. डायोरामा सुधारायचा म्हणजे शक्यतो काढायचं. पाया लहान करायचा, गाडी पायाच्या कडेला समांतर न ठेवता तिरकी ठेवायची, आणि नुसता उभा राहून दूरवर पाहणारा अधिकारी असेल तर त्याला आधी हलवायचं. तो प्रत्येक किटमध्ये असतो आणि काहीही करत नसतो.

सध्याच्या देखाव्यातून त्याची रवानगी झाली आहे. पँथरचा पट्टा सुटलाय, चौघं कामाला लागलेत, मागे अर्धी भिंत आणि एक खिडकी. भिंतीवर जागा उरली म्हणून मी तिथे एक सेंटिमीटरभराचं मांजर बसवलं, आणि पंचाईत झाली. बघायला येणारा प्रत्येक जण आधी मांजर बघतो. ‘अय्या, मांजर!’ म्हणून हसतो, आणि झोल दिलेले पट्टे, चेपलेलं मडगार्ड, तारखेला धरून दिलेला झिमेरिट हे सगळं ओलांडून निघून जातो. परवा मी ते भिंतीवरून उचलून खिडकीच्या आत, पडद्याआड ठेवलं. आता लोक रणगाडा बघतात. कुणीतरी त्यांना आधीच सांगितलेलं असतं, की यात कुठेतरी एक मांजर आहे.